तबकडी बाहेरून आली, कॅसेट गावात भरली

सिंधुदुर्गातल्या जुन्या घरांत संगीताचे दोन ढीग सापडतात. पहिला विकत आणलेल्या गाण्यांचा: एचएमव्हीच्या तबकड्या, नाट्यगीतांच्या नि भावगीतांच्या कॅसेटी, क्वचित सीडी. दुसरा घरी भरलेल्या कॅसेटींचा: चवथीतलं भजन, जत्रेतली डबलबारी, देवळापुढचा दशावतार, कुणाच्या तरी हळदीची गाणी. पहिल्या ढिगाला आज भाव आहे. मुंबईहून माणसं येतात, तबकड्या उलटसुलट करून बघतात, पैसे देऊन घेऊन जातात. दुसरा ढीग घर दुरुस्तीला काढलं की भंगारवाल्याच्या गोणीत जातो. माझं म्हणणं असं की या किनाऱ्यावर जपण्याजोगं जे आहे ते मुख्यतः त्या दुसऱ्या ढिगात आहे. पहिल्या ढिगातली तबकडी इथे फुटली तरी तिची दुसरी प्रत पुण्यात, कोलकात्यात, लंडनमध्ये कुठेतरी असेल. वालावलच्या किंवा मसुऱ्याच्या देवळासमोर एका रात्री झालेल्या दशावताराची कॅसेट मात्र एकच असते.

आपल्याकडे गाणं विकत घेऊन ऐकायची सुरुवात कशी झाली, इथून आढावा घ्यायला हवा. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कोलकात्यात आला आणि गौहरजानचा आवाज त्याने मुद्रित केला. पुढच्या काही दशकांत बालगंधर्वांपासून मास्टर दीनानाथांपर्यंत मराठी रंगभूमीचे आवाज तबकडीवर आले. मालवण, वेंगुर्ला, देवगड, विजयदुर्ग ही बंदरं तेव्हा आगबोटीने मुंबईला जोडलेली होती. गिरणीत, गोदीत, मुंबईच्या कचेऱ्यांत कमावणारा चाकरमानी सुट्टीला येताना जे आणी त्यात चावीचा ग्रामोफोनही असे. त्या यंत्राला वीज लागत नसे, ही गोष्ट या भागात फार महत्त्वाची होती. कोकणातल्या कित्येक गावांत वीज यायला स्वातंत्र्यानंतरही दोन-तीन दशकं गेली. चावी भरायची, पिन बदलायची, दहा इंची तबकडी लावायची. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. ओटीवर वाडीतली माणसं जमायची. ग्रामोफोन कुण्या एकाच्या मालकीचा असे, ऐकणं सगळ्यांचं असे.

या तबकडीचा सावंतवाडीशी एक धागा आहे, तो इथे नोंदवण्याचा मोह आवरत नाही. ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी लाखेपासून बनायची. लाखेच्या किड्याचा राळेसारखा स्राव, त्यात दगडाची भुकटी आणि काजळी. जगातली बहुतेक लाख त्या काळी भारतातून जाई. दुसऱ्या महायुद्धात हा पुरवठा आटला तेव्हा अमेरिकेत नव्या तबकड्यांसाठी जुन्या परत मागवाव्या लागल्या होत्या. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी लाकडी खेळण्यांवर आणि गंजिफांवर चढवलेली झिलई याच लाखेची. त्यामुळे या दोन्ही वस्तूंचे शत्रूही सारखे आहेत. उन्हाने त्या वाकतात, आपटल्या की टवके उडतात, आणि स्पिरिट लागलं तर लाख विरघळते. जुनी तबकडी सॅनिटायझरने पुसून कायमची खराब करणारे लोक आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. शुद्ध पाणी आणि मऊ फडकं एवढंच तिला चालतं, आणि मधल्या कागदी लेबलला तेही लागू देऊ नये.

तबकडीच्या तीन मिनिटांनी गाण्याचं काय केलं यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला इथे शेजारच्या गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची आठवण येते. मुद्रणाविषयी त्या फार नाखूश असत. विस्ताराने गायचा राग तीन मिनिटांत कोंबणं त्यांना मानवत नव्हतं, आणि त्यांचं मुद्रित गाणं म्हणून थोडंच उरलं. तरीही त्यांची साडेतीन मिनिटांची एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई वारल्या. माणसाच्या आवाजाचा हा बहुधा सर्वांत दूर गेलेला संग्रह आहे, आणि त्यात आपल्या शेजारच्या गावचा आवाज आहे.

तबकडीनंतर रेडिओने ऐकण्याची सवय घडवली. सिलोनवरची बिनाका गीतमाला, १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीने आठवड्याला एक गीत या क्रमाने पोहोचवलेलं गीतरामायण, पणजी केंद्र, आणि १९७७ पासून रत्नागिरी केंद्र. समुद्राकाठी रात्री सिलोन स्वच्छ लागे, असं जुने लोक अजून सांगतात. रेडिओने एक गोष्ट दिली नाही, ती म्हणजे आपल्याला हवं ते हव्या त्या वेळी ऐकणं. ती जागा गावच्या लाऊडस्पीकरवाल्याने भरून काढली. लग्न, सत्यनारायण, सप्ताह असला की तो कर्णा माडावर बांधायचा, गाडीच्या बॅटरीवर अॅम्प्लिफायर चालवायचा आणि तबकड्यांची पेटी उघडायचा. पंचक्रोशीचा खरा संग्राहक तोच होता. त्याच्याकडच्या तबकड्या झिजून पांढऱ्या पडलेल्या दिसतात. बाजारात त्यांना किंमत नाही, पण कुठलं गाणं किती वाजलं हे त्या झिजेवरून आजही वाचता येतं.

लाखेची तबकडी गेली, व्हिनाइल आलं, एका बाजूला वीसेक मिनिटं मावू लागली. या काळात सिंधुदुर्गचे शब्द तबकडीवर भरपूर गेले. मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे. श्रीनिवास खळ्यांच्या चालीतलं, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचं ‘शुक्रतारा’ ज्यात नाही असं भावगीतांचं कपाट मी पाहिलेलं नाही. आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर वेंगुर्ला-कुडाळ भागातले. त्यांच्या कवितेला हृदयनाथ मंगेशकरांनी दिलेल्या चाली आजही ताज्या आहेत. पण गायचं, वाजवायचं, मुद्रित करायचं काम मुंबईच्या स्टुडिओत झालं. इथल्या गळ्यातला आवाज, इथली बोली, इथला पखवाज तबकडीवर जवळजवळ आलाच नाही. किनाऱ्याचं गाणं म्हणून लताबाई आणि हेमंतकुमार यांनी गायलेली कोळीगीतं घराघरात गेली, पुढे वेसावकर मंडळींच्या कॅसेटी गेल्या. गाणी सुंदर आहेत, पण ती मुंबईकडच्या कोळ्यांची. मालवणचा मच्छीमार मुख्यतः गाबीत. त्याची बोली वेगळी, रापण ओढतानाची त्याची हाक वेगळी. त्याच्या मुलांनी समुद्राचं गाणं शिकलं ते दुसऱ्याच्या बोलीत, कारण विकत मिळत होतं ते तेवढंच. दक्षिणेकडच्या गावांत, विशेषतः ख्रिस्ती घरांत, क्रिस पेरी आणि लॉर्ना यांची कोंकणी गाणी वाजत. तीही सीमेपलीकडची.

कॅसेटने हे चित्र बदललं. फिलिप्सने ती १९६३ साली आणली, पण आपल्याकडे तिचा जोर ऐंशीच्या दशकात आला. आखातात किंवा बोटीवर नोकरी करणारे जपानी टू-इन-वन घेऊन येऊ लागले. टी-सिरीजने कॅसेट स्वस्त केली आणि एचएमव्हीची मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ साली उत्तर भारताविषयी लिहिताना दाखवलं की कॅसेटमुळे स्थानिक बोलींतलं, छोट्या गावांतलं संगीत पहिल्यांदा बाजारात आलं. कोकणातही तेच झालं. मच्छिंद्र कांबळींच्या ‘वस्त्रहरण’ने १९८० पासून मालवणीला व्यावसायिक रंगमंचावर मान मिळवून दिला आणि घरात टेपवर मालवणी ऐकण्यातला संकोचही गेला. भराडी देवीच्या, कुणकेश्वराच्या गाण्यांच्या कॅसेटी जत्रेतल्या दुकानांत मांडल्या जाऊ लागल्या. शहरातल्या दुकानात गाण्यांची यादी द्यायची आणि कॅसेट ‘भरून घ्यायची’, हा प्रकारही तेव्हाचाच. कायद्याने ती चोरी होती. तरीही लोकांच्या आवडीचा इतका प्रामाणिक पुरावा दुसरा नाही. साठ मिनिटांत काय बसवायचं हे माणूस स्वतः ठरवत होता. एकाच कॅसेटवर भीमसेन जोशींचा अभंग, त्याला लागून किशोरकुमार, मग दादा कोंडके.

पण माझ्या लेखी कॅसेटचा मोठा गुण वेगळाच होता. तिच्यावर लाल बटण होतं. जे ऐकायचं ते जिथे घडतंय तिथे माणूस स्वतः भरू शकत होता.

दशावताराचं उदाहरण घ्या. धयकाला, म्हणजे दशावताराचा खेळ, रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. आडदशावतार होतो, संकासुर येतो, मग आख्यान लागतं. त्याला लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, पात्रं ठरलेली. संवाद नट त्या रात्री समोरच्याला बघून रचतो, आणि हार्मोनियम, पखवाज, झांज त्याच्या मागोमाग जातात. म्हणून एकाच मंडळाचं एकच आख्यान दोन गावांत दोन प्रकारचं होतं. पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर, चेंदवणकर अशा मंडळांच्या थोर नटांनी वर्षानुवर्षं रात्री जागवल्या, आणि त्या भाषणांचा कागदावर मागमूस नाही. बाबी नालंगांसारख्या नटाची शब्दफेक कशी होती हे नव्या मुलाला दाखवायचं तर रंगमंचाच्या कडेला कुणीतरी टेपरेकॉर्डर ठेवला होता का, एवढाच प्रश्न उरतो. पुष्कळांनी ठेवला होता. नव्वद मिनिटांच्या कॅसेटी चार-पाच लागायच्या. दर पंचेचाळीस मिनिटांनी बाजू उलटायची, त्यात ऐन रंगात आलेल्या संवादाची दोन-चार वाक्यं हरवायची. मध्येच लहान मुलाचं रडणं आहे, चहावाल्याची हाक आहे. स्टुडिओच्या दृष्टीने हे सगळं टाकाऊ. मला मात्र या कॅसेटी दशावताराच्या पोथ्या वाटतात.

डबलबारीची गोष्ट आणखी रंजक आहे, कारण तिथे ऐकण्याच्या सवयीचाच पुरावा सापडतो. दोन भजनी मंडळं समोरासमोर, दोन बुवा, आलटून पालटून बाऱ्या. रूपाचा अभंग, गजर, गौळण, आणि त्यातून एकमेकांना टाकलेली कोडी नि टोमणे. परशुराम पांचाळ, चिंतामणी पांचाळ अशा बुवांच्या नावावर माणसं पाच-पाच मैल चालत जायची. आता या भजनांच्या चाली नीट ऐका. एखाद्या अभंगाला नाट्यगीताची चाल आहे. गजर ऐकता ऐकता त्याखालचं हिंदी सिनेमाचं गाणं ओळखू येतं, आणि ते गाणं त्याच वर्षी गाजलेलं असतं. बुवाने ते ऐकलं लाऊडस्पीकरवर, रेडिओवर, नाहीतर मुंबईच्या खोलीत शेजाऱ्याच्या टेपवर. पंधरा दिवसांत त्यात विठ्ठल बसवला आणि चवथीला घरोघर गायला. तबकडीवरून जे गावात आलं ते असं गावच्या गळ्यातून पुन्हा बाहेर पडलं. कॅसेटवर साल लिहिलेलं नसलं तरी चालीवरून ते अदमासे काढता येतं. कोकणी माणूस काय ऐकत होता, किती लवकर ऐकत होता आणि ऐकलेल्याचं काय करत होता, याचा अभ्यास करायला यापेक्षा चांगलं साधन मला माहीत नाही. सिनेमाच्या चालींमुळे भजन बिघडलं असं म्हणणारे जाणकार आहेत. त्यांची कळकळ खरी आहे, पण त्यांनाही जुन्या-नव्याची तुलना करायला याच कॅसेटी लागतील.

पुढचे टप्पे भराभर आले नि गेले. सीडीचा काळ या जिल्ह्यात आखूड ठरला. व्हीसीडीवर दशावतार आणि डबलबारी दिसू लागली. एमपीथ्रीच्या एका तबकडीवर शंभर-दीडशे गाणी मावू लागली. मग कुडाळ-मालवणच्या मोबाइल दुकानांत मेमरी कार्ड भरून मिळू लागलं, आणि २०१६ नंतर स्वस्त डेटामुळे तेही मागे पडलं. अपवाद समुद्राचा. ट्रॉलर किनाऱ्यापासून दूर गेला की फोनची रेंज जाते, आणि तिथे आजही कार्डावरची किंवा पेन ड्राइव्हवरची गाणीच वाजतात. २०१७ साली सारेगामाने पाच हजार गाणी भरलेला कारवाँ हा रेडिओसारखा खोका आणला आणि तो घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी फार विकला गेला. यादीतून शोधणं, पासवर्ड, जाहिराती हे त्यांना नको होतं. बटण दाबलं की गाणं लागावं, एवढंच हवं होतं.

व्हिनाइलची नवी लाट आपल्या महानगरांतही आली आहे. अमेरिकेत २०२० साली व्हिनाइलच्या विक्रीची रक्कम सीडीच्या पुढे गेली. मुंबईत मात्र काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. तबकडी हातात धरून ऐकणाऱ्यांविषयी मला आदर आहे. बाजू संपेपर्यंत एका जागी बसून ऐकणं ही चांगली सवय आहे. पण या लाटेमुळे जुन्या घरांतून निवडक माल उचलला जातो आणि उरलेलं विस्कटतं, हेही पाहिलं पाहिजे. तबकड्यांची पेटी जाते तेव्हा तिच्यासोबतची यादी, पावत्या, कव्हरवर लिहिलेलं नाव-साल हे सगळं जातं, आणि कोण काय ऐकत होतं हा इतिहास पुसला जातो.

आता नासाडीविषयी. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास राहते. चुंबकीय फीत टिकायला साधारण वीस अंश तापमान आणि चाळीस टक्क्यांपर्यंत आर्द्रता हवी. म्हणजे आपली प्रत्येक कॅसेट दर पावसाळ्यात मार खाते. फितीवर पांढरी बुरशी धरते, खारं वारं लागून आतल्या नमद्यामागची पितळी पट्टी काळी पडते, नव्वद मिनिटांची पातळ फीत यंत्रात गुंतते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने किनाऱ्यावरच्या घरांची कौलं उडवली, वीज कित्येक दिवस नव्हती. माळ्यावर ठेवलेल्या वस्तूंचं काय झालं असेल ते सांगायला नको. आणि फीत टिकली तरी ती वाजवणारी यंत्रं संपत चालली आहेत. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये जगभर इशारा दिला होता, की २०२५ च्या सुमारास चुंबकीय फिती वाजवणं जवळजवळ अशक्य होईल. ती वेळ आपल्यावर आली आहे.

यावर काम करणाऱ्या संस्था देशात आहेत. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे. सुरेश चांदवणकरांनी तिच्यामार्फत जुन्या तबकड्यांची नोंद आणि प्रसार हे काम चिकाटीने केलं. गुरुग्रामच्या एथ्नोम्युझिकॉलॉजीच्या संग्रहालयाने १९८२ पासून क्षेत्रीय ध्वनिमुद्रणं जपली. पण पहिली संस्था मुख्यतः छापील तबकडीची, दुसरी संशोधकांनी केलेल्या मुद्रणाची. माळगावातल्या भजन्याने स्वतःच्या टेपवर भरलेली कॅसेट या दोहोंच्या मध्ये पडते. तिच्यासाठी जिल्ह्यातच काहीतरी उभं राहायला हवं. यूट्यूबवर सगळं आहे असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की तिथे जुन्या बाऱ्या खरोखर पुष्कळ चढवल्या आहेत, चढवणाऱ्यांचे उपकार आहेत. पण त्यांतल्या कितीतरींवर गाव नाही, साल नाही, पखवाज कुणाचा ते नाही, आणि आवाज दाबून बारीक झालेला आहे. खातं बंद पडलं की तेही जाईल.

मला आशा पिंगुळीकडे पाहून वाटते. तिथे परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात ठाकर आदिवासी कलेचं संग्रहालय थाटलं. चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, वाद्यं, सगळं ज्यांचं आहे त्यांच्याच ताब्यात, त्यांच्याच अंगणात. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आवाजाचं असं घर वेंगुर्ला, सावंतवाडी, मालवणच्या जुन्या वाचनालयांत सहज होऊ शकतं. त्यांच्याकडे जागा आहे, सभासद आहेत, पुस्तकं जपायची सवय आहे. एक चांगला दुरुस्त केलेला डेक, एक संगणक, ध्वनी आत घेणारी एक छोटी पेटी आणि कोरडं कपाट, एवढ्यावर सुरुवात होते.

करायचं कामही अवघड नाही. कॅसेटच्या कडेची दोन पाती आधी मोडावीत, म्हणजे चुकून वरून काही भरलं जाणार नाही. बुरशी असेल तर ती कोरडी करून, शक्यतो बाहेरून झटकून, मगच डेकमध्ये घालावी. नाहीतर तीच बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. घरच्या टू-इन-वनवर भरलेली कॅसेट दुसऱ्या डेकवर घोगरी वाजते, कारण दोघांच्या हेडचा कोन जुळत नाही. हेडजवळचा बारीक स्क्रू ऐकत ऐकत फिरवला तर झांजेचा आवाज एकदम उघडतो. भरताना ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, न दाबलेल्या फाइलमध्ये भरावं आणि दोन ठिकाणी ठेवावं. मूळ कॅसेट टाकू नये. तिच्या खोक्यावर निळ्या शाईने जे लिहिलंय त्याचा फोटो काढावा.

हक्कांचा प्रश्न येतो, आणि तो टाळू नये. आपल्या कायद्याने प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षं राहतो. कलाकाराचा आपल्या प्रयोगावरचा हक्क पन्नास वर्षं. तेव्हा ऐंशी-नव्वदच्या दशकातली डबलबारी लोकांपुढे ठेवायची तर बुवाच्या, पखवाजियाच्या घरी जाऊन विचारलं पाहिजे. या विचारण्याने कामाला उशीर होतो असं काहींना वाटतं. माझा समज उलट आहे. त्या घरी गेल्यावरच कळतं की समोरची बारी कुणाची होती, गौळण कुणी रचली, आणि त्यांच्याही कपाटात आणखी कॅसेटी आहेत. ते आवाज नावानिशी ओळखणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. म्हणून सुरुवात सर्वांत जुन्या कॅसेटीपासून करू नये. जिच्यातले आवाज ओळखणारं माणूस अजून गावात आहे, तिच्यापासून करावी.